बेटावरचा संसार : मॉरिशसला जाऊ इच्छिणाऱ्यांनी करावयाचा हिशेब

आमच्या गावांतून परमुलखी जाण्याची वाट आजची नव्हे. कोणाचे आजोबा मुंबईच्या कुडात राहून आगबोटीवर चढले, कोणाच्या वडिलांनी कुवेत अथवा बहारीन येथे उमेदीची वीस-पंचवीस वर्षे घालविली, आणि त्यांनी पाठविलेल्या पैशांवर कित्येक घरांची कौले जाऊन गच्च्या आल्या. अलीकडे या वाटेला आणखी एक फाटा फुटला आहे. हॉटेलात स्वयंपाकी, बेकरीत कारागीर, बांधकामावर गवंडी, कपड्यांच्या कारखान्यात शिंपी अशा कामांसाठी हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाचे नाव आता आमच्या अंगणांतून ऐकू येऊ लागले आहे.

या बेटाचे चित्र बहुतेकांनी दिनदर्शिकेवर पाहिलेले असते. निळे पाणी, पांढरी वाळू, पाण्यावर वाकलेले माड. असे चित्र पाहिले की आमच्या माणसाला वाटते, हा तर आपलाच मुलूख. जेथे माड आणि मासळी आहे तेथे पोटापाण्याला कितीसा पैसा लागणार? पगार तेवढा हाती येईल आणि शिल्लक पडत जाईल. वाचकहो, ही समजूत आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की तिचा एकदा नीट परामर्श घ्यावा असे आम्हांस वाटले. बेटावर स्वस्त काय असते, तर जे त्या बेटावरच पिकते आणि जे पिकविणाऱ्याला दुसरीकडे अधिक दराने विकता येत नाही तेवढेच. बाकीचे सारे जहाजातून येते, आणि जहाजाचे भाडे शेवटी चुलीपाशी बसलेल्या माणसालाच भरावे लागते.

प्रथम हे बेट केवढे ते पाहू. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे २,००० किलोमीटर अंतरावर, मादागास्करच्या पूर्वेस ते वसलेले आहे. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या गोव्याच्या साधारण निम्मे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. ज्या द्वीपसमूहात ते मोडते त्याला मास्करेन बेटे म्हणतात, आणि हे नाव मास्करेन्हास नावाच्या एका पोर्तुगीज कप्तानावरून पडले. गोव्यात आणि बेळगावकडील आमच्या ख्रिस्ती घरांत हे आडनाव अपरिचित नाही. पण म्हणून तेथे कोणी आपला पाहुणा म्हणून पाट मांडून बसला आहे असे मात्र समजू नये. डच आले, मग फ्रेंच आले, १८१० साली इंग्रज आले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि १९९२ साली त्याच तारखेस प्रजासत्ताक झाला. राज्यकारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रे फ्रेंच भाषेत, आणि बाजारहाट क्रिओल बोलीत, असा तेथील भाषांचा थाट आहे. नाणे मात्र रुपयाच. मुंबईहून तेथे जाण्यास विमानाला सहा-साडेसहा तास लागतात.

आता या बेटावर पिकते काय? ऊस. फ्रेंचांच्या काळात त्याची लागवड झाली, इंग्रजांच्या काळात त्याने सारे बेट व्यापले, आणि आजही शेतीखालील बहुतेक जमीन उसाचीच आहे. १९७५ पासून २००९ पर्यंत युरोपीय देशांशी झालेल्या करारामुळे तेथील साखरेला बाजारभावापेक्षा बहुधा चढा आणि ठरलेला दर मिळत असे. तेव्हा भात किंवा कडधान्य पेरण्याचा विचार कोणी करावा? वादळे हेही उसाचे एक कारण आहे. ऊस वाऱ्याने आडवा होतो, पण बहुधा पुन्हा उभा राहतो. उभे भात एकदा झोडपले गेले की गेले. परिणाम असा की रोज भात खाणाऱ्या या देशात भाताची शेती नावापुरती. तांदूळ परदेशचा, गहू परदेशचा, डाळ परदेशची, खाद्यतेल परदेशचे. दुधाला तर गोठा क्वचितच. घरोघर न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया अशा दूरदेशींहून आलेली दुधाची भुकटी कालवून चहा होतो. ज्यांच्या दारी म्हैस आहे अशा आमच्या मावशींना हे वाचून हसू येईल, पण तेथील गृहिणीच्या महिन्याच्या यादीत भुकटीचा डबा हा एक ठळक खर्च आहे.

आणि मासळी? चहूबाजूंनी समुद्र असताना ती महाग कशी, हा प्रश्न आम्हांसही पडला होता. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे. तिच्या आतील उथळ पाण्यात पूर्वी पुष्कळ मासे सापडत. वर्षानुवर्षांच्या मासेमारीने ते पाणी रोडावले. भिंतीबाहेरचा समुद्र खोल आणि खवळलेला. लहान होडीने तेथे जाणे जिवावरचे. मोठ्या जहाजांनी पकडलेला ट्यूना मासा कारखान्यात जाऊन डब्यांत भरला जातो आणि परदेशी रवाना होतो. जी ताजी मासळी किनाऱ्यावर उतरते, तिच्यासाठी हॉटेलवाला आणि गृहिणी एकाच टोपलीपाशी उभे असतात, आणि हॉटेलवाल्याच्या मागे युरोपातून आलेला पाहुणा असतो. तेव्हा साध्या घरात परदेशाहून आलेला गोठवलेला मासा किंवा डब्यातला मासा शिजतो. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ नावाचे जहाज बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळावर चढले, आणि पुढील महिन्यात त्यातील तेल समुद्रात सांडले. त्या भागातील कोळ्यांचे हाल तर विचारूच नयेत.

जहाजावर अवलंबून असणे म्हणजे काय, हे गेल्या काही वर्षांत तेथील लोकांनी चांगलेच अनुभवले. कोविडच्या साथीत २०२० साली विमाने थांबली, प्रवासी थांबले, आणि त्यांच्याबरोबर येणारा परदेशी पैसाही थांबला. पुढे २०२१ साली जगभर जहाजांचे भाडे कित्येक पटींनी चढले. त्यातच तेथील रुपया घसरला. २०१९ साली एका अमेरिकी डॉलरला सुमारे ३६ मॉरिशस रुपये पडत असत. २०२४ साली ४६ च्या आसपास पडू लागले. ज्या देशात ताटातला बहुतेक घास डॉलर देऊन आणावा लागतो, तेथे नाणे घसरले म्हणजे प्रत्येक घास महागला. आमच्याकडे पाऊस चुकला की महागाई येते. तेथे पाऊस उत्तम पडूनही, दूर कोठेतरी बंदरात जहाजे अडकली की महागाई येते.

यात आमच्या देशाचाही हात आहे, हे सांगितले पाहिजे. जुलै २०२३ मध्ये भारत सरकारने बासमतीखेरीज अन्य पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. ऑगस्टअखेर मॉरिशससाठी म्हणून वेगळी परवानगी देण्यात आली, ती १४,००० टनांची. त्याच वर्षी डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली. मार्च २०२४ मध्ये मॉरिशसला १,२०० टन कांदा पाठविण्याची मुभा मिळाली. नाशिककडच्या बाजारात कांद्याचे भाव पडले म्हणून शेतकरी रस्त्यावर येतो, आणि तोच कांदा अडला म्हणजे पोर्ट लुईच्या बाजारात गृहिणी रित्या पिशवीने परतते, असा हा समुद्रापलीकडचा सोयरसंबंध आहे. पेट्रोल आणि डिझेलही कित्येक वर्षे आमच्या शेजारच्या मंगळूरच्या कारखान्यातून तेथे जात असे. बेटावर विजेचा मोठा भाग जड तेल आणि कोळसा जाळूनच होतो. उसाच्या हंगामात चिपाडे जाळून थोडी सवड मिळते इतकेच.

तेथील रस्त्यांवर डोलपुरी नावाचा पदार्थ विकतात. वाफवलेल्या डाळीचे पूड भरलेली पातळ, मऊ पोळी. दोन पोळ्या एकावर एक ठेवून त्यांत भाजी व चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. गिरमिटिया मजुरांबरोबर हा पदार्थ तेथे गेला आणि आज सर्व जातिधर्मांचे लोक तो खातात. पीठ बाहेरचे, डाळ बाहेरची, तेल बाहेरचे. बेटाचे म्हणाल तर फक्त पाणी आणि लाटणाऱ्याचे हात. म्हणून डोलपुरीचा भाव वाढला की सामान्य माणूस समजतो, महागाई खरोखरीच दारी आली.

तथापि केवळ भीती घालणे हा आमचा हेतू नाही. तेथील सरकार काही जिनसांवर स्वतः पैसा ओतून त्यांचे भाव खाली ठेविते. साधा रेशनचा तांदूळ, पाव आणि स्वयंपाकाचा गॅस या तिन्हींचे दर सरकार ठरवून देते. १५ टक्के विक्रीकर बहुतेक वस्तूंवर असला तरी तांदूळ, पाव अशा मूळ अन्नाला त्यातून सूट आहे. नागरिकांना शिक्षण व सरकारी इस्पितळ विनामूल्य आहे; शाळकरी मुले व वृद्ध यांना २००५ पासून बसचे तिकीट पडत नाही. म्हणून बेटावरचा गरीब माणूस उपाशी मरत नाही. पण तो कसा जगतो हे पाहून, तसेच आपणही जगू, असा हिशेब नवख्याने करू नये. कारण दोघांत एक मोठा फरक आहे, आणि तो घराचा आहे.

१९६० साली, जानेवारीत आणि फेब्रुवारीत, पाठोपाठ दोन वादळे या बेटावर आदळली. दुसऱ्याचे नाव कॅरोल. लाकडाची, पत्र्याची आणि गवताची हजारो घरे जमीनदोस्त झाली. त्यानंतर बेटाने जणू निश्चय केला की पुन्हा वाऱ्याला घर द्यायचे नाही. सरकारने सिमेंटच्या वसाहती उभ्या केल्या आणि लोकांनीही पै-पैसा साठवून सिमेंटची घरे बांधली. आज त्या बेटावरून फिरणाऱ्याला सपाट गच्च्यांवर आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या लोखंडी सळया दिसतात. त्या सळया म्हणजे पुढील मजल्याचे बीज. मुलाचे लग्न ठरले की बाप त्याच सळयांना धरून वर एक मजला चढवितो. असे करीत करीत तेथील दर दहा कुटुंबांपैकी सुमारे नऊ कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात. त्यांच्या महागाईत घरभाडे नाही. वडील माणसाला सरकारी पेन्शन मिळते, परसात मिरचीचे झाड असते, आणि आत्या शेजारच्याच मजल्यावर राहते.

नवख्याजवळ यांतले काहीच नसते. त्याला भाड्याची खोली घ्यावी लागते, आणि समुद्रकाठी ग्रां बेसारख्या ठिकाणी भाडे प्रवाशांच्या खिशाकडे पाहून ठरते. आतल्या बाजूच्या गावांत, डोंगराकडील शहरांत ते कमी असते. पण मग कामावर जाण्यासाठी बस आली. स्वतःचे घर घेण्याची गोष्ट तर दूरच. परदेशी माणसाला सरकारने नेमून दिलेल्या योजनांतूनच घर घेता येते. आणि त्यांपैकी घरखरेदीने राहण्याचा परवाना मिळावा अशी ज्याची इच्छा असेल त्याला २०२० पासून निदान ३,७५,००० अमेरिकी डॉलर खर्चावे लागतात. ही वाट युरोपातील श्रीमंत निवृत्तांसाठी आखलेली आहे. अशा लोकांनी किनाऱ्यावरील जमिनीला आणलेला भाव तेथील कोळ्याच्या मुलालाही भोवतो, ही तेथील लोकांची तक्रार आम्हांस गैर वाटत नाही.

आता पगाराकडे वळू. येथेच आमची माणसे फसतात, आणि फसविणारा दलाल बहुधा खोटे काही बोलत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मॉरिशसमध्ये प्रथमच सर्व देशासाठी एक किमान वेतन ठरविण्यात आले. २०२४ साली ते महिन्याला १६,५०० मॉरिशस रुपये होते. त्या वर्षी तेथील एका रुपयाला आमचे साधारण एक रुपया ऐंशी पैसे पडत. गुणाकार केला की आमचे जवळजवळ ३०,००० रुपये होतात, आणि हा आकडा गावी वजनदार वाटतो. पण गुणाकार करावयाचा तर तो पगाराचा करू नये. शिल्लक उरेल तिचा करावा. पगार तेथील नाण्यात मिळतो, आणि तांदूळ, साबण, बस, मोबाईल, औषध हे सारे तेथील नाण्यात आणि तेथील भावात जाते. आपल्या भावाने खर्च करायचा आणि त्यांच्या भावाने कमवायचे, असा संसार फक्त दलालाच्या बोलण्यात असतो.

मागे आमच्या धर्मग्रामातील दूरच्या एका वाडीवरचे गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आम्हांकडे आले. मुलगा बेकरीचे काम शिकलेला, हाताचा चलाख. मॉरिशसच्या नोकरीचा इंग्रजी कागद त्यांनी बरोबर आणला होता. दलालाने दोन लाख रुपये मागितले होते, आणि ते उभे करण्यासाठी नदीकाठचे शेत गहाण टाकावयाचे घाटत होते. सावकाराचे व्याज शेकडा दोन, दरमहा. वडील म्हणाले, “फादर, तिकडे माड आहेत म्हणतात. मग जेवणाला असा किती खर्च येणार?” आम्ही उत्तर देण्यापूर्वीच मुलगा म्हणाला, “बाबा, माड आपल्याही परड्यात आहेत. तरी तेल आपण दुकानातूनच आणतो की.”

आम्ही तिघांनी कागद वाचला. पगार लिहिला होता, कामाचे तास लिहिले होते, राहण्याची सोय मालकाची असे लिहिले होते. जेवणाबद्दल एक अक्षर नव्हते. परतीच्या तिकिटाबद्दलही नव्हते. मग पाटीवर मांडावे तसा हिशेब मांडला. दोन लाखांचे व्याज महिन्याला ४,००० रुपये, म्हणजे तेथील नाण्यात २,२०० हून अधिक. आणि हे नुसते व्याज, मुद्दल जसेच्या तसे. त्यावर जेवण, बस, घरी फोन, पैसे पाठविताना बँक कापून घेते ते. मुद्दल फेडण्यास दोन वर्षे धरली तर दोन वर्षांत मुलाने घराकडे पाठवावयाचा पैसा सावकाराच्याच दारी जावयाचा. आणि कराराची मुदत किती? तीही दोनच वर्षे. वडील पुष्कळ वेळ बोलले नाहीत. शेवटी त्यांनी विचारले, “म्हणजे शेत सोडविण्यासाठीच तो तिकडे राबणार म्हणायचा?” त्यांच्या या प्रश्नात सारा हिशेब आला.

शेत गहाण पडले नाही. मुलाने जेवण आणि परतीचे तिकीट यांविषयी लेखी विचारणा केली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आले. पुढे सरकारी नोंदणी असलेल्या दुसऱ्या मध्यस्थामार्फत, आईच्या दोन बांगड्या सोसायटीत ठेवून, दुपारच्या जेवणाची सोय असलेल्या ठिकाणी तो गेला. तेथून तो लिहितो की रेशनच्या तांदळाला वास येतो, पण दोनदा धुतला की चालतो. आणि बाजारात जी पालेभाजी ‘ब्रेद’ म्हणून मिळते तिच्यात ‘ब्रेद मुरुम’ म्हणजे आपला शेवग्याचा पाला आणि ‘ब्रेद सोंज’ म्हणजे आपले अळू. ही माहिती आम्हांस मोलाची वाटली. जो माणूस तेथे जाऊन तेथलेच खातो, शेवग्याचा पाला, अळू, चायोटे, कोंबडी, रेशनचा भात, त्याचा खर्च आटोक्यात राहतो. कोंबडी बहुतेक तेथीलच असते. जो इकडचे लोणचे, इकडचा मसाला, इकडचा उकडा तांदूळ शोधीत हिंडतो त्याचा पगार भारतीय दुकानातच संपतो. भाजीचेही एक आहे. जानेवारी ते मार्च हे वादळाचे महिने. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल नावाचे वादळ आले तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. अशा वादळानंतर भाजीचे मळे आडवे होतात आणि कित्येक आठवडे भाजीला हात लावण्याची सोय राहत नाही. त्या दिवसांसाठी चार पैसे बाजूला काढून ठेवावे लागतात.

पगारात अन्न धरले आहे की नाही, हा प्रश्न या बेटाइतकाच जुना आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले, आणि पुढील पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक हिंदी माणसे त्या धक्क्यावर उतरली. तो धक्का आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो; २००६ साली त्याची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. या मजुरांत मुंबई बंदरातून चढविलेले आमचे मराठी भाषिकही होते. रत्नागिरीकडील आणि घाटावरील गोरगरीब. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी मंडळ्या चालवितात, आणि गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते. त्या काळी मजुरी होती महिना पाच रुपये. पण त्या पाच रुपयांखेरीज तांदूळ, डाळ, मीठ आणि वर्षाचे कपडे देण्याचे करारात लिहिलेले असे. मळेवाल्याच्या अंगी दया होती म्हणून नव्हे. सगळा तांदूळ जहाजातून येणाऱ्या बेटावर पाच रुपयांत माणूस स्वतः विकत घेऊन जगणार नाही, आणि न जगणारा माणूस ऊस तोडणार नाही, हे त्याला ठाऊक होते. याच मळेवाल्याने, एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीतही पाडली होती. तेव्हा आजच्या करारात अन्न, निवास, आजारपणाची रजा आणि कपाती यांविषयी काय लिहिले आहे ते वाचणे, हे काही शंकेखोर स्वभावाचे लक्षण नाही. आमच्याच लोकांचा पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा अनुभव त्यामागे आहे.

आणि आज आमच्या मुलांना तेथे बोलावतात तरी का? १९६०च्या सुमारास जेम्स मीड या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने त्या बेटाची पाहणी करून लिहिले होते की लोकसंख्या अशीच वाढली तर पुढचा काळ कठीण आहे. घडले ते वेगळेच. १९७० च्या कायद्याने निर्यातीचे कारखाने आले, बायाबापड्या कपडे शिवू लागल्या, पाठोपाठ हॉटेले आली, मुले शिकली. शिकलेली मुले आता शिलाईयंत्रावर किंवा भट्टीपुढे बसत नाहीत, घरांत मुले थोडी जन्मतात, आणि पुष्कळ तरुण स्वतःच कॅनडा, फ्रान्स, ऑस्ट्रेलियाकडे निघून जातात. त्यांनी रिकाम्या केलेल्या जागेवर बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारत येथील माणसे येतात. ९ सप्टेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी पोर्ट लुई येथे मिस्सा अर्पण केली, तेव्हा देशाची भरभराट तरुणांपर्यंत पोहोचत नाही, ही खंत त्यांनी बोलून दाखविली होती. बाहेरून गेलेल्या कामगाराचा परवाना तर एका मालकाशी बांधलेला असतो. मालक बदलणे सोपे नसते. कामगारांच्या निवासाला सरकारी परवाना लागतो असा तेथील नियम आहे, म्हणून खोलीत किती जण राहतात हे जाण्यापूर्वी विचारण्यास संकोच करू नये.

मुख्य बेटाच्या पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरवर रॉड्रिग्ज नावाचे आणखी लहान बेट आहे. तेथील चाळीस-पंचेचाळीस हजार लोकांपैकी बहुतेक सर्व कॅथलिक आहेत. मॉरिशसला जहाजातून आलेला माल तेथे दुसऱ्यांदा जहाजात चढतो, म्हणजे भाड्यावर भाडे. तेथील बाया ओहोटीच्या वेळी खडकांवर ऑक्टोपस धरतात, मिरची, राजमा आणि लिंबे पिकवितात. एवढे असूनही तेथील तरुण मोठ्या बेटाकडे कामाला येतात. ज्या मोठ्या बेटावर आमची मुले शिल्लक टाकण्यास जातात, तेथे ही मुलेही त्याच आशेने उतरतात, आणि दोघांची गाठ एकाच बेकरीत पडते.

एका खर्चाचा उल्लेख राहिला. तो कागदावर मांडता येत नाही. रविवारची मिस्सा तेथे बहुधा फ्रेंच वा क्रिओल भाषेत होते. पहिले काही महिने मुलाला शब्द कळत नाहीत आणि तो जाणे टाळतो, असे दोघा-तिघांनी आम्हांस सांगितले. अशा मुलांनी ८ सप्टेंबरच्या रात्री सेंत क्रॉईला अवश्य जावे. धन्य जाक देझिरे लावाल हे धर्मगुरू १८४१ साली तेथे आले, नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांत त्यांची बोली शिकून राहिले, आणि ९ सप्टेंबर १८६४ रोजी वारले. त्यांच्या कबरीकडे त्या रात्री सर्व धर्मांचे लोक बेटाच्या टोकाटोकांहून चालत येतात. वाटेत कोणी पाणी देतो, कोणी पाव देतो, आणि चालणाऱ्याला कोणत्या गावचा हेही कोणी विचारीत नाही.

जाणाऱ्याने बरोबर काय न्यावे, हेही पुष्कळ जण विचारतात. कागदपत्रांच्या दोन प्रती, एक घरी व एक जवळ. नेहमीची औषधे वैद्याच्या चिठ्ठीसह. आणि उबदार कपडे. शेवटची गोष्ट ऐकून लोक हसतात, कारण उष्ण कटिबंधातील बेट म्हटल्यावर थंडीची आठवण कोणाला होत नाही. पण तेथील ऋतू आपल्या उलट आहेत; जून ते सप्टेंबर हा त्यांचा हिवाळा. क्युरपीप हे शहर समुद्रापासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, तेथे महिनोन्‌महिने बारीक पाऊस आणि धुके असते, आणि पहाटे तीनला भट्टी पेटविण्यास निघालेल्या माणसाला स्वेटरावाचून निभाव लागत नाही. तेथे लोकरी कपडा घ्यावयाचा तर तोही जहाजातून आलेला. म्हणून मुलगा डोंगराकडील गावात जाणार असेल तर आजीने शिवलेली एक गोधडी त्याच्या पेटीत घालावी. विमानात वजन मोजतात, तेव्हा लोणच्याची बरणी काढून ठेवली तरी चालेल.